समाजमाध्यमांवरच्या डेटावर संशोधन: कोणते काम आधी, कोणते नंतर

मुंबईत मराठी, समाजशास्त्र, माध्यम-अभ्यास किंवा संगणकशास्त्र अशा कुठल्याही विभागात आता यूट्यूबच्या कॉमेंटांवर, इन्स्टाग्रामच्या रील्सवर, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डांवर प्रबंध होतात. त्यांतले बरेचसे एकाच जागी अडकतात. विद्यार्थी आधी हजारो कॉमेंट उतरवून घेतो, एक्सेलची फाइल भरते आणि मग तो मार्गदर्शकांना विचारतो, “आता यातून काय काढू?” तोवर उशीर झालेला असतो. इथे डेटा मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. पोस्ट पुसल्या जातात, खाती बंद होतात, आज केलेला शोध महिन्याने पुन्हा केला की वेगळे निकाल देतो. ग्रंथालयातले पुस्तक पुढच्या आठवड्यात परत काढता येते, तशी सोय या कामात नाही. म्हणून क्रम सांभाळणे हेच यातले मुख्य कौशल्य आहे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा.

सोयीसाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतो: पावसात लोकल खोळंबते, तेव्हा मराठीत कॉमेंट करणारे लोक कोणती माहिती मागतात आणि कोणाला जबाबदार धरतात?

टप्पा १: प्रश्नाचे चार तुकडे करा

“समाजमाध्यमे आणि मुंबईची लोकल” हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न कागदावर लिहा आणि त्यातून चार गोष्टी वेगळ्या काढा: कोण बोलत आहे, कुठे, कोणत्या तारखांना, आणि तुम्ही नेमके काय मोजणार. आपल्या उदाहरणात ‘कोण’ म्हणजे मराठीत कॉमेंट करणारे लोक. ‘कुठे’ म्हणजे ठरवून घेतलेल्या मराठी वृत्तवाहिन्यांच्या यूट्यूब व्हिडिओंखाली. ‘केव्हा’ म्हणजे ज्या दिवशी पावसामुळे गाड्या बंद पडल्या ते दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस. ‘काय’ म्हणजे एक कॉमेंट, की एक माणूस, की कॉमेंट आणि तिची सगळी उत्तरे मिळून झालेला संवाद?

हे शेवटचे सर्वांत जास्त चुकते. एकाच माणसाने रागाच्या भरात चाळीस कॉमेंट केल्या असतील, तर कॉमेंट मोजल्यावर तो चाळीस माणसांइतका भरतो. काय मोजायचे हे डेटा हातात येण्याआधी ठरवा, कारण नंतर ठरवताना मन आकर्षक निकालाकडे झुकते.

तपासा: तुमचा प्रश्न वाचून विभागातल्या दुसऱ्या कोणाला “कुठली कॉमेंट घ्यायची आणि कुठली सोडायची” हे तुम्हाला न विचारता सांगता येते का? येत नसेल, तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: मंच निवडा, पण आज काय मिळते ते पाहून

जुने प्रबंध वाचून पद्धत उचलणाऱ्यांची इथे फसगत होते. ट्विटरचे संशोधकांसाठीचे मोफत एपीआय, म्हणजे मंचावरचा डेटा प्रोग्रॅमद्वारे मागवण्याची अधिकृत सोय, २०२३ मध्ये बंद झाले आणि आता एक्सवरून मोठ्या प्रमाणावर डेटा घ्यायचा तर पैसे मोजावे लागतात. फेसबुकच्या सार्वजनिक पानांचा अभ्यास ज्यावर चाले ते क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या मेटा कंटेंट लायब्ररीसाठी संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो, त्याची छाननी होते आणि त्यात वेळ जातो. टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे परदेशातल्या शोधनिबंधांतली टिकटॉकची पद्धत इथल्या आजच्या वापरकर्त्यांना लागू करता येत नाही.

एमएच्या किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याला विनाशुल्क आणि नियमात राहून वापरता येईल असा मार्ग म्हणजे यूट्यूबचे डेटा एपीआय. त्याचा हिशोब आधी समजून घ्या. एका प्रकल्पाला दिवसाला सर्वसाधारणपणे १०,००० युनिट मिळतात. एका शोधाला १०० युनिट लागतात, म्हणजे दिवसभरात फार तर १०० शोध. कॉमेंटांचे एक पान, ज्यात जास्तीत जास्त १०० मूळ कॉमेंट येतात, ते मात्र एका युनिटला मिळते. म्हणून शोध कमीत कमी करा, व्हिडिओंची यादी एकदाच पक्की करा आणि उरलेले युनिट कॉमेंटांसाठी ठेवा. हा कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नवा होतो. आपल्याकडे तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. सकाळी काम सुरू केले आणि अकरा वाजता कोटा संपला, तर रात्री बारापर्यंत थांबायची गरज नाही.

सावध: कॉमेंटसोबत तिची उत्तरे आपोआप सगळी येत नाहीत. पहिल्या फेरीत मोजकीच येतात, बाकीची प्रत्येक मूळ कॉमेंटसाठी वेगळी मागवावी लागतात. हे न केल्यास वाद जिथे रंगला तोच भाग गाळला जातो, आणि फाइल बघून ते कळतही नाही.

सावध: शोधाच्या निकालासोबत येणारा ‘एकूण निकाल’ हा आकडा अंदाजाचा असतो, असे यूट्यूबच्याच दस्तऐवजात म्हटले आहे. तो प्रबंधात छापू नका.

कोणी “तयार डेटासेट” विकायला आले तर घेऊ नका. तो कोणत्या शब्दांनी, कोणत्या वेळी, काय वगळून गोळा केला ते तुम्हाला सांगता येणार नाही आणि व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न तोच येईल.

टप्पा ३: परवानगी, कायदा आणि माणसांची काळजी

हा टप्पा शेवटी एका परिच्छेदात उरकायची सवय आहे. तो इथेच, गोळा करण्याआधी करा, कारण यातल्या निर्णयांवर तुम्ही कोणते रकाने उतरवून घेणार हे ठरते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेला वैयक्तिक डेटा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांसाठीही सूट आहे, पण अटींसह: त्या डेटाच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची. ‘स्वतःहून’ हा शब्द नीट लक्षात घ्या. प्रवाशाने स्वतः लिहिलेली कॉमेंट आणि फलाटावर त्याच्या नकळत कोणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. शिवाय या कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. कॉलेजच्या मुलांच्या रील्सवर काम करणाऱ्यांनी अकरावी-बारावीची मुले त्यात येतात हे विसरू नये.

कायदा हा तळ झाला, त्याच्या वर संस्थेची नीतिसमिती असते. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: काय घेणार, काय मुद्दाम घेणार नाही, कुठे ठेवणार, केव्हा पुसणार. यूट्यूबच्या विकासकांसाठीच्या धोरणात एपीआयने घेतलेला बराचसा डेटा ३० दिवसांहून जास्त न ठेवण्याचे, किंवा ताजा करत राहण्याचे बंधन आहे. संशोधकांसाठी यूट्यूबचा वेगळा कार्यक्रम आहे. दीर्घ काम असेल तर तिथे आधी अर्ज करा, मगच संकलन सुरू करा.

व्हॉट्सॲपची गोष्ट निराळी. सोसायटीचा ग्रुप, सकाळच्या ८.०५ च्या डोंबिवली लोकलचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप या खासगी जागा आहेत. तुम्ही त्यात सदस्य आहात म्हणून तो डेटा तुमचा होत नाही. ॲडमिनने होकार दिला तरी पुरेसे नाही. ग्रुपमध्ये संदेश टाकून संशोधन काय आहे ते सांगा, प्रत्येकाची संमती घ्या आणि ज्यांनी दिली नाही त्यांचे संदेश आणि त्यांना दिलेल्या उत्तरांतला त्यांचा उल्लेख दोन्ही काढा. हे जमण्यासारखे नसेल, तर ग्रुप सोडा आणि लोकांकडून त्यांनी स्वतः निवडून दिलेले फॉरवर्ड घ्या. त्यातून डेटा कमी मिळेल, पण तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या शेजाऱ्यांशी दगा होणार नाही.

सावध: मोबाइल नंबरांचा एसएचए-२५६ सारखा हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने निघणारी अक्षर-आकड्यांची खूण, काढला की ते निनावी झाले, हा समज चुकीचा आहे. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. साधा संगणक त्या सगळ्यांचे हॅश काही तासांत काढून जुळवू शकतो. नंबर उतरवूच नका, ‘व्यक्ती ००१’ असे क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कोणाचा याची जुळणीची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा.

टप्पा ४: शब्दसूची

विषयाशी संबंधित कॉमेंट ज्या शब्दांनी शोधून काढायच्या त्यांची ही सूची. मराठीत काम करताना सर्वांत जास्त वेळ इथे द्या. इंग्रजी डेटासाठी लिहिलेली मार्गदर्शके या बाबतीत कामी येत नाहीत.

पहिली अडचण सामान्यरूपाची. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्यात’, ‘पाण्यामुळे’ सापडत नाही, कारण त्यात ‘पाणी’ ही अक्षरे सलग येतच नाहीत. ‘रस्ता’ शोधून ‘रस्त्यावर’ मिळत नाही, ‘खड्डा’ शोधून ‘खड्ड्यात’ मिळत नाही. प्रत्येक नामाचे मूळ रूप, अनेकवचन आणि सामान्यरूप तिन्ही सूचीत हवीत: पाणी, पाण्या, रूळ, रुळां, गाडी, गाड्या. ‘लोकल’ सारखा शब्द सोपा, कारण ‘लोकलला’, ‘लोकलमध्ये’ यांत तो अखंड राहतो. पण तो ‘लोकल बॉडी इलेक्शन’ मध्येही येतो, तेव्हा वगळायच्या शब्दांचीही सूची लागते.

दुसरी अडचण मुंबईची. इथे एका जागेला दोन-तीन नावे सहज असतात. कोणी सायन लिहितो, कोणी शीव. परळ आणि परेल, भायखळा आणि बायकला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, पण बोलताना आणि लिहिताना जुने नाव अजून येते. व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी हे एकच स्थानक. नवीनच नावे घेतली तर जुने प्रवासी गळतात, आणि त्यांच्या तक्रारी कदाचित वेगळ्या असतील. शिवाय मुंबईकर एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळतो. ‘पाणी तुंबलंय’, ‘पानी भर गया’, ‘ट्रॅकवर पाणी’, ‘सिग्नल फेल’, ‘ओव्हरहेड वायर तुटली’, ‘गाड्या खोळंबल्या’ ही सगळी एकाच संध्याकाळची भाषा आहे. आणि रोमन लिपीत मराठी लिहिणारे? ‘आहे’ हा एकटा शब्द ते तीन-चार स्पेलिंगांनी लिहितात. रोमन मराठी घ्यायची की सोडायची हे ठरवा. सोडली तर प्रबंधात तसे स्पष्ट लिहा, कारण तरुण प्रवाशांचा मोठा भाग त्यासोबत बाहेर जाऊ शकतो.

तिसरी अडचण युनिकोडची, आणि ही डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲक्सिडेंट’ मधला ॲ कोणी एकच अक्षर म्हणून टाइप करतो, कोणी अ वर चंद्र देऊन. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या कधी स्वतंत्र ऱ वापरून येतो, कधी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते या दोन जोड्या एक करत नाही. त्यांच्यासाठी बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो.

तपासा: सूची तयार झाली की तिच्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, निवडलेल्या एका व्हिडिओखालच्या २०० कॉमेंट वाचा. विषयाशी संबंधित प्रत्येक कॉमेंटवर खूण करा. मग सूची चालवा आणि खुणा केलेल्यांपैकी तिने किती पकडल्या, खुणा नसलेल्या किती ओढून आणल्या, ते मोजा. दोन्ही आकडे प्रबंधात द्या. सुटलेल्या कॉमेंट वाचूनच सूची सुधारते, घरी बसून शब्द सुचवून नव्हे.

टप्पा ५: छोटी चाचणी

एक वाहिनी, एक दिवस, दोन-तीन व्हिडिओ घ्या. गोळा करण्यापासून एका तक्त्यापर्यंत सगळे काम पूर्ण करून पाहा. बहुतेक जण फक्त गोळा करण्याची चाचणी घेतात आणि चुका मात्र पुढे, विश्लेषणात निघतात. तक्ता तयार झाला की मार्गदर्शकांना दाखवा. त्यांनी “पण यातून तुमच्या प्रश्नाचे उत्तर कसे मिळते?” असे विचारले तर टप्पा १ वर परत जा. या वेळी परत जाणे स्वस्त असते.

टप्पा ६: संकलन आणि गोठवणे

आता खरे संकलन करा आणि शक्य तितक्या कमी दिवसांत उरका. जून ते सप्टेंबर रमतगमत गोळा केलेल्या डेटात पहिल्या व्हिडिओच्या कॉमेंट तीन महिने पिकलेल्या असतात आणि शेवटच्याच्या तीन दिवसांच्या. त्यांची तुलना न्याय्य होत नाही. प्रत्येक व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यापासून ठरावीक तासांनी घ्या, उदाहरणार्थ ७२ तासांनी, आणि ते सर्वांना सारखे ठेवा.

एपीआयकडून येणारी फाइल जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. ती जशी आली तशीच, हात न लावता, एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फक्त वाचता येईल अशी करा. तिचा हॅश काढून वहीत नोंदवा. पुढचे सगळे काम तिच्या प्रतीवर होईल. सोबत एक नोंदवही हवी, साधी मजकूर फाइलही चालेल: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या शब्दांनी, किती नोंदी आल्या, काय बिघडले. ‘वीज गेली, २३ वा व्हिडिओ अर्धवट’ अशी नोंद सहा महिन्यांनी तुम्हाला वाचवते.

सावध: मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नका. एक्सेल १५ आकड्यांपुढची संख्या अचूक ठेवत नाही. एक्सवरच्या पोस्टचे क्रमांक त्याहून लांब असतात, त्यामुळे त्यांचे शेवटचे आकडे शून्य होतात आणि मूळ पोस्ट पुन्हा कधी सापडत नाही. सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक केल्यावर मराठी अक्षरांच्या जागी खुणाच खुणा दिसल्या तर घाबरू नका, डेटा शाबूत असतो. फाइल ‘इम्पोर्ट’ करा, भाषासंकेत यूटीएफ-८ निवडा आणि क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून घ्या.

वेळेचा घोळही इथेच मिटवा. यूट्यूब वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत देते, आपण साडेपाच तास पुढे. मुंबईत मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात केलेली प्रत्येक कॉमेंट यूटीसीत आदल्या तारखेला जाते. रात्रभर पाऊस झाला आणि पहाटेची पहिली लोकल सुटली नाही, तर संतापाची सुरुवात तुमच्या तक्त्यात पावसाच्या आदल्या दिवशी दिसेल. पावसाचे आकडे जोडणार असाल तर आणखी एक पेच आहे. भारतीय हवामान विभागाच्या कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांचा २४ तासांचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजला जातो आणि शेवटच्या तारखेवर नोंदवला जातो. म्हणजे ‘मंगळवारचा’ बहुतेक पाऊस सोमवारी पडलेला असू शकतो. कॉमेंटांचा दिवसही ८.३० ते ८.३० असाच कापा, तरच दोन रेषा शेजारी ठेवता येतील.

टप्पा ७: साफसफाई

इथे घाई करू नका, पण फार पॉलिशही करू नका. एकच कॉमेंट कॉपी करून पन्नास ठिकाणी चिकटवलेली असेल तर ती काढायची की ठेवायची हे प्रश्नावर अवलंबून. लोकांचे म्हणणे मोजायचे असेल तर एकदाच धरा, प्रचार कसा चालतो हे पाहायचे असेल तर ती पुनरावृत्तीच तुमचा डेटा आहे. इमोजी सरसकट पुसू नका, कित्येक कॉमेंटांत अर्थ तेवढाच असतो.

मराठी मजकूर शब्दांत तोडताना एक मोठी चूक वारंवार दिसते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या, मजकुरातले नमुने शोधणाऱ्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘अक्षर’ म्हणून जे चिन्ह वापरतात त्यात देवनागरीच्या मात्रा आणि अनुस्वार धरले जात नाहीत. त्याच भाषेतल्या साइकिट-लर्न संचातला शब्द मोजणारा काउंटव्हेक्टरायझर जसाच्या तसा चालवला तर तो ‘मुंबई’ तोडून ‘बई’ काढतो, ‘लोकल’ मधून ‘कल’ काढतो आणि ‘पाणी’ पूर्ण गिळून टाकतो, कारण उरलेली सुटी प आणि ण ही एकेकटी अक्षरे त्याच्या नियमात बसत नाहीत. त्यावर बनलेले शब्दमेघ प्रबंधात छापले जातात आणि ‘कल’ या शब्दावर परिच्छेद लिहिले जातात. उपाय सोपा आहे: रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे पाहून शब्द तोडा, किंवा मात्रा ओळखणारे साधन घ्या.

तपासा: सर्वाधिक आलेले ५० शब्द छापून मोठ्याने वाचा. एकही अर्धामुर्धा शब्द ऐकू आला तर तोडणी चुकली आहे.

भाषा ओळखणाऱ्या साधनांवरही डोळे झाकून विसंबू नका. लहान मराठी वाक्ये त्यांना हिंदी वाटतात. ‘ट्रेन बंद’ हे वाक्य तर दोन्ही भाषांत सारखेच. तीन शब्दांपेक्षा लहान कॉमेंट हाताने तपासा किंवा वेगळ्या ठेवा.

टप्पा ८: चित्र, आवाज आणि व्हिडिओ असतील तर

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून तो कुठे, केव्हा काढला याची आतली माहिती निघून गेलेली असते आणि फोटो दाबून लहान केलेला असतो. म्हणून ‘हा फोटो कुर्ल्याचा, आजचाच’ हे फाइलवरून सिद्ध होत नाही. फोटोच टाकून उलट दिशेने शोध घ्या, जुन्या पुरातला फोटो नव्याने फिरतो आहे का ते पाहा आणि फलाटावरच्या पाट्या, गाडीचे डबे, दुकानांची नावे यांवरून जागा पटवा. एकच मीम किती ठिकाणी फिरले हे मोजताना साधा हॅश चालत नाही, कारण प्रत्येक फॉरवर्डमध्ये फाइल जराशी बदलते. चित्राच्या दिसण्यावरून हॅश काढणारे साधन वापरा आणि किती फरकापर्यंत ‘तेच चित्र’ मानायचे ते शंभरेक जोड्या डोळ्यांनी पाहून ठरवा.

बोलणे मजकुरात आणायला व्हिस्परसारखी साधने मराठी ओळखतात, पण फलाटाच्या गोंगाटात ती न बोललेली वाक्येही लिहून देतात. यंत्राने दिलेला मजकूर हा कच्चा खर्डा समजा. जे वाक्य प्रबंधात येणार आहे ते प्रत्येक वाक्य स्वतः ऐका. व्हिडिओवर क्षणाक्षणाच्या नोंदी करायच्या असतील तर माक्स प्लांक संस्थेचे ईलान हे मोफत साधन चांगले आहे.

टप्पा ९: कोडबुक आणि दोन माणसे

“माहिती मागणारी”, “दोष देणारी”, “मदत देणारी” अशा वर्गांत कॉमेंट वाटायच्या असतील तर प्रत्येक वर्गाची व्याख्या, दोन नमुने आणि एक ‘यात बसत नाही’ असे उदाहरण लिहा. हेच तुमचे कोडबुक. टोमणा कुठे जाणार हे आधी ठरवा. “वा, यंदाही शंभर टक्के नालेसफाई झाली!” ही स्तुती नाही हे मुंबईत राहणाऱ्याला कळते, यंत्राला कळत नाही. म्हणूनच तयार भावना-विश्लेषणाचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. पुण्याच्या एल३क्यूब गटाचे महासेंट हे भावना ओळखण्याचे साहित्य आणि महाबर्ट हे भाषेचे प्रारूप मराठीसाठी खूप उपयोगी आहेत आणि ते खुले ठेवल्याबद्दल त्या मंडळींचे ऋण मानले पाहिजे. पण महासेंट ट्वीटवर घडले आहे. तुमच्या कॉमेंटांवर ते किती बरोबर ठरते, ते हाताने कोड केलेल्या, म्हणजे माणसाने वर्ग दिलेल्या, नमुन्यावर मोजून मगच वापरा.

कोडिंग दोघांनी स्वतंत्रपणे करायचे. शेजारी बसून, चर्चा करत नव्हे. मग दोघांचे निर्णय किती जुळतात ती जुळणी मोजायची, पण नुसती टक्केवारी देऊ नका. समजा १०० कॉमेंटांपैकी ९० ना दोघांनी ‘दोष नाही’ म्हटले, ५ ना फक्त पहिल्याने ‘दोष आहे’ म्हटले आणि दुसऱ्या ५ ना फक्त दुसऱ्याने. जुळणी ९० टक्के दिसते, पण ज्या वर्गाचा अभ्यास आहे त्यात एकाही कॉमेंटवर दोघांचे एकमत नाही, आणि कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वजा करून काढलेले माप, शून्याच्याही खाली, सुमारे उणे ०.०५ येतो. क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा हे त्याच जातीचे माप वापरत असाल तर ०.८०० च्या वर भरवसा ठेवता येतो, ०.६६७ ते ०.८०० मध्ये जपून आणि तात्पुरते निष्कर्ष काढायचे, ही त्यांचीच शिफारस आहे. आकडा कमी आला तर कोडरला दोष देऊ नका, व्याख्या सुधारा आणि नव्या नमुन्यावर पुन्हा करा. जुन्याच कॉमेंट पुन्हा दिल्या तर सुधारणा झाली की पाठ झाले, ते कळत नाही.

टप्पा १०: लिहिताना

निष्कर्षाच्या वाक्याचा कर्ता तपासा. “मुंबईकरांना रेल्वेचा राग आहे” असे तुमचा डेटा म्हणत नाही. “या बारा व्हिडिओंखाली देवनागरीत कॉमेंट करणाऱ्यांपैकी इतक्यांनी रेल्वेला जबाबदार धरले” एवढेच तो म्हणतो. घाटकोपरला चार तास पाण्यात उभ्या राहिलेल्या, फोनची बॅटरी संपलेल्या बाईने कॉमेंट केलेली नाही. तिचे मत या डेटात नाही हे मर्यादांच्या भागात स्पष्ट शब्दांत लिहा.

कॉमेंट जशीच्या तशी छापली की कोणीही ती शोधून लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो, नाव झाकले तरी. नोकरी, जात, धर्म, आजार, वरिष्ठांवरचा राग असे काही असेल तर आशय ठेवून शब्द बदला आणि तसे केल्याचे सांगा. नवे वाक्य स्वतः शोधून पाहा. मूळ कॉमेंट सापडत असेल तर अजून बदला. भाषेचाच अभ्यास असेल आणि शब्द बदलता येत नसतील, तर त्या व्यक्तीची परवानगी घ्या. छापण्याच्या आधी उद्धृत केलेली प्रत्येक कॉमेंट अजून जागेवर आहे का ते पाहा. लिहिणाऱ्याने पुसली असेल तर तुम्हीही ती काढा.

प्रबंध सादर करताना डेटाचा सगळा गठ्ठा खुला करू नका. इतर संशोधकांना उपयोगी पडेल असे पाच भाग द्या: शब्दसूची तिच्या सर्व आवृत्त्यांसह, कोडबुक, संकलनाची नोंदवही, साफसफाईचा कोड, आणि मंचाचे नियम परवानगी देत असतील तर फक्त व्हिडिओंचे क्रमांक. जुळणीची यादी आणि मूळ मजकूर कोणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेपर्यंत राहणार हे मार्गदर्शकांच्या सहीने लिहून ठेवा. त्या तारखेला फाइल पुसताना पेनड्राइव्ह, ईमेलची जोडपत्रे आणि दुसऱ्या कोडरच्या लॅपटॉपवरची प्रत हेही पाहा. प्रती तिथेच राहून जातात.